बिऱ्हाड केव्हां हलतें?

बिऱ्हाड हलविणें हें संसारांतलें एक लहानसें संकटच होय असें आपल्याकडील वडील मंडळी म्हणत असतात, आणि त्यांत अतिशयोक्ति नाहीं. दहा वर्षांच्या वस्तीनंतर फडताळें रिकामीं करूं लागलें म्हणजे आपण किती वस्तु सांठविल्या होत्या, त्यांतील किती निरुपयोगी होत्या, हें एकदम कळून येतें; आणि जी एक वस्तु नेमकी हवी असते तीच सांपडत नाहीं. म्हणून सुज्ञ गृहिणी महिनाभर अगोदर याद्या करितात, कांचेचें सामान जुन्या लुगड्यांत गुंडाळितात, कागदपत्रांची पेटी स्वतःजवळ ठेवितात. या विषयावर उपदेशपर लेख पुष्कळ झाले आहेत. आम्हांस त्यांत भर घालावयाची नाहीं. आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचा प्रश्न एवढाच कीं, बिऱ्हाड हलतें तें नेमकें केव्हां? सामान गाडींत चढतें तेव्हां, कीं त्याच्या पुष्कळ आधीं?

सरकारी नोकरांच्या बिऱ्हाडांपुरतें या प्रश्नाचें उत्तर कायद्यानेंच देऊन ठेविलें आहे. महाराष्ट्रांत बदल्यांविषयीं २००५ चा जो कायदा आहे, त्यान्वयें सर्वसाधारण बदल्या वर्षांतून एकदां, एप्रिल किंवा मे महिन्यांत व्हाव्या असा दंडक आहे. हेच महिने कां, हें शाळेच्या वाचकांस सांगावयास नको. परीक्षा आटोपलेल्या असतात. आणि जूनमध्यें मूल नव्या गांवच्या शाळेंत इतर मुलांच्या बरोबरीनें पहिल्या दिवशीं जाऊन बसूं शकतें. जिंतूरच्या कचेरींतला कारकून सेलूस गेला काय किंवा परभणीस आला काय, त्याच्या मुलाचें वर्ष बुडत नाहीं. अपवाद घडतात, मध्येंच हुकूम सुटतात, रदबदल्याही होतात. परंतु दंडक आहे, आणि तो मोडला तर मोडला असें निदान म्हणतां तरी येतें.

आतां याच जिल्ह्यांतील दुसऱ्या प्रकारचीं बिऱ्हाडें पाहा. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, पालम, जिंतूर अशा तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीस निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी सोलापूर-पुण्याकडे, कोणी अहिल्यानगर जिल्ह्यांत, तर कोणी राज्याची सीमा ओलांडून बेळगांवकडे जातात. घराला पांच-सहा महिने कुलूप असतें. तें चैत्राच्या आसपास निघतें. दिवाळीची सुटी संपून दुसरें सत्र सुरू झालें म्हणजे वर्गांतील कांहीं जागा रिकाम्या दिसूं लागतात. आमच्या विद्यार्थी वाचकांपैकीं कित्येकांच्या शेजारची जागा अशी रिकामी झाली असेल, आणि कित्येकांची स्वतःचीही एखाद्या वर्षीं झाली असेल. ज्या बिऱ्हाडाला वर्षांतून दोनदां हलावें लागतें, तें असें भर शाळेंत हलतें. आणि त्याच्यासाठीं मात्र कोणताच दंडक नाहीं.

ही रीत फार जुनी आहे असें कोणी समजूं नये. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें प्रवरेच्या खोऱ्यांत लोणी येथें सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, आणि पुढें पश्चिमेकडे कारखान्यांची रांगच लागली. ऊस तेथला, पाणी तेथलें. तोडणारे हात मात्र जेथें पाऊस बेभरंवशाचा व शेती कोरडवाहू अशा मुलखांतून येऊं लागले. १९७२ च्या दुष्काळानें हा ओघ फार वाढविला. बीड जिल्हा यांत अग्रभागीं राहिला, आणि परभणी त्याचा शेजारी. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं राष्ट्रास अर्पण झालें, त्याचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यांत आला, कालव्याकांठीं आपल्याकडेही ऊस डोलूं लागला, गंगाखेड व पाथरी तालुक्यांत कारखान्यांचीं धुराडीं दिसूं लागलीं. तरी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांतलें बिऱ्हाड पश्चिमेस जावयाचें थांबलें नाहीं. कालवा ज्याच्या बांधावरून जातो त्याचें भाग्य निराळें, आणि जो तो दुरून पाहतो त्याचें निराळें.

या बिऱ्हाडाची बांधाबांध ज्यानें एकदां पाहिली आहे, त्याला गृहव्यवस्थेवरील पुस्तकाची गरज नाहीं. ज्वारी-बाजरीचीं पोतीं, डाळीची पिशवी, वर्षाचें तिखट, मीठ, तेलाचा डबा. परात, तवा, दोन-तीन पातेलीं, पाण्याच्या घागरी. कोपी उभारण्यासाठीं बांबू, कामट्या आणि ताडपत्री. थंडीच्या दिवसांसाठीं वाकळा. अंधारांत फडांत जावयाचें म्हणून विजेरी. कोयते आणि त्यांना धार लावण्याची कानस. एखाद्या खुराड्यांत चार कोंबड्या, जमलेंच तर एक शेळी. पूर्वीं हें सारें बैलगाडीवर चढे आणि दिवसचे दिवस वाट तुडवावी लागे; आतां ट्रक किंवा ट्रॅक्टर येतो आणि एकाच ट्रॉलींत तीन-चार घरांचे संसार रचावे लागतात. म्हणून रचण्याचें कौशल्य अधिकच लागतें. मुक्कामीं पोंचल्याबरोबर जें लागणार — ताडपत्री, चूल पेटविण्याचें साहित्य, रात्रीच्या भाकरीचें पीठ — तें सर्वांत शेवटीं चढवावयाचें. जड पोतीं खालीं, वाकळा वर, आणि त्या वाकळांवर लहान मुलें. हें शास्त्र घरच्या बायकांना कोणी शिकविलेलें नाहीं. फोडणीची मोहरी कोणत्या पुडींत आणि बाळाचें टोपडें कोणत्या गांठोड्यांत हें त्यांना रात्रीच्या काळोखांतही सांगतां येतें. शहरांतील जीं कुटुंबें चार खोल्यांचें सामान हलवितांना सामानवाहू कंपन्यांचे मजूर बोलावितात, त्यांनीं ही विद्या येऊन पाहावी असें आम्हांस कित्येकदां वाटतें.

मागें राहणाऱ्या गोष्टींची व्यवस्था याहून अवघड. शेतांत कापसाची एखादी वेंचणी उरलेली असते, तूर उभी असते. ती कोणाच्या हवालीं करावयाची? म्हातारी आई चालूं शकत नाहीं, तिच्यासाठीं दाणे किती ठेवावयाचे? किल्ली कोणाकडे? पाहुण्याकडे बांधलेल्या गाईचें दूध कोण काढणार? हेही प्रश्न एका आठवड्यांत निकालीं निघतात, आणि बहुधा बरे निघतात. तेव्हां आपल्या मंडळींस पूर्वतयारीची संवय नाहीं असा जो आरोप कधीं कधीं केला जातो, तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

आमचें म्हणणें निराळें आहे. दिवाळीच्या सुमारास जी बांधाबांध होते, ती हललेल्या बिऱ्हाडाची होते. बिऱ्हाड त्यापूर्वींच, ज्येष्ठ-आषाढांत, हललेलें असतें. तें हलतें उचलीच्या दिवशीं.

उचल म्हणजे काय हें येथील पालकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. परंतु परगांवच्या वाचकांसाठीं दोन शब्द लिहितों. ऊसतोडीचा मुकादम पावसाळ्याच्या तोंडीं तोडणीवाल्यांस आगाऊ रक्कम देतो. तीच उचल. पुढें हंगामांत जितका ऊस तोडला जाईल, त्याच्या मजुरींतून ती फिटत जाते. न फिटल्यास पुढच्या सालावर चढते. ज्येष्ठ-आषाढांत घरांत पैसा नसतो आणि गरजा मात्र सर्व एकदम उभ्या असतात: बियाणें, खत, एखाद्या लग्नाचें देणें, दवाखाना, मुलांच्या वह्या. अशा वेळीं लाखाच्या घरांतली रक्कम हातीं येते, तेव्हां ती नाकारणें सोपें नाहीं. जो ती घेतो त्याला आम्ही दोष देत नाहीं. पण ती रक्कम हातीं पडते त्याच क्षणीं किती माणसें जाणार, किती दिवस राहणार, आणि मागें कोण उरणार, हें सारें ठरून गेलेलें असतें. कार्तिकांत दाराशीं येणारी गाडी आषाढांत ठरलेलेंच वाहून नेते.

आणि हें ठरवितें कोण? येथें आपल्या भाषेंतला एक शब्द लक्षांत घेण्यासारखा आहे. तोडणीच्या व्यवहारांत एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसास अर्धा कोयता म्हणतात. म्हणजे उचल एकाच्या हातीं पडते, पण ती दोघांच्या अंगावर असते. ज्या बाईच्या निम्म्या कोयत्यावर ही रक्कम उभी आहे, आणि पुढें सर्व बांधाबांध जिला करावयाची आहे, ती मुकादमाशीं बोलणें होतें तेव्हां हजर असते काय? कांहीं घरांत असेल. पुष्कळ घरांत नसते. तिला आंकडा मागाहून कळतो. कित्येकदां तोही कळत नाहीं.

मुलांना तर विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. परंतु त्यांचे हात उचलीच्या आंकड्यांत न दिसतां मोजले गेलेले असतात, हें आम्ही एका गणितानें दाखवूं इच्छितों. हें उदाहरण वर्गांत सोडवावयास हरकत नाहीं. समजा, एका जोडीनें एक लाख रुपये उचल घेतली. समजा, तोडणीचा दर टनाला साडेतीनशें रुपये मिळतो, आणि जोडी रोज दोन टन ऊस तोडून, बांधून, गाडींत भरते. तर उचल फिटण्यास सुमारें २८६ टन ऊस तोडावा लागेल, म्हणजे १४३ दिवस लागतील. १ नोव्हेंबरला कोयता हातीं घेतला तर एकही खाडा न पडतां २३ मार्च उजाडेल. आणि या दिवसांत पोटाला लागणारा खर्च आपण अजून धरलेलाच नाहीं. आतां असें समजा कीं, बारा-तेरा वर्षांच्या मुलानें पाचट बाजूला करण्यास आणि मोळ्या उचलण्यास मदत केली, किंवा त्या वयाच्या मुलीनें स्वयंपाक आणि धाकटें भावंड सांभाळून आईला फडांत जाण्यास मोकळी केली, आणि त्यामुळें रोजचें काम अर्ध्या टनानें वाढलें. तर तीच उचल ११५ दिवसांत, २३ फेब्रुवारीस फिटते. अठ्ठावीस दिवस वांचले. हे अठ्ठावीस दिवस कोणाच्या खात्यांतून आले, हें गणिताच्या उत्तरांत लिहिण्याची पद्धति नाहीं.

जानेवारी २०२४ मध्यें तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ ठरली. वर धरलेल्या दरांतून ही वाढ वजा केली, तर तीच उचल फेडण्यास जोडीला १९० हून अधिक दिवस लागले असते, आणि इतके दिवस हंगाम बहुधा चालतच नाहीं. तेव्हां टनाचा दर ही केवळ मजुरांच्या संघटनांनीं भांडावयाची बाब आहे, शाळेचा तिच्याशीं संबंध नाहीं, असें मानणाऱ्यांनीं हें गणित पुन्हां एकदां करून पाहावें.

आमचें मत असें कीं, बिऱ्हाडाची पहिली यादी उचलीच्या आदल्या रात्रीं व्हावी, आणि ती नवरा-बायकोनें व घरांतील जाणत्या मुलानें मिळून करावी. तींत पातेलीं आणि पोतीं नकोत. दोन माणसांच्या हातून जितकें फिटेल तितकीच उचल घ्यावी, हा तिचा पहिला मुद्दा असावा. मुकादम अधिक देऊं करितो म्हणून अधिक घेणें, हें मुलाच्या वर्षावर कर्ज काढणें आहे. यावर कोणी म्हणेल कीं गरज मोठी असेल तर काय करावें? गरज मोठी असते हें आम्हांस ठाऊक आहे. आणि कित्येक घरांस या सल्ल्याचा कांहीं उपयोग नाहीं, हेंही आम्ही जाणतों. परंतु ज्या घरांत उचलीचा कांहीं भाग मांडव, वाजंत्री किंवा नवी मोटारसायकल यांत जातो, त्या घरांस तो खचित आहे.

दुसरी गोष्ट विचारावयाची ती मुक्कामाची. तोडणीचीं केंद्रें एकाच तऱ्हेचीं नसतात. जेथें बैलांच्या टायरगाडीनें ऊस वाहतात, त्या गाडीसेंटरचा तळ बहुधा कारखान्याच्या जवळ, हंगामभर एका जागीं असतो. तेथून जवळच्या शाळेंत मूल जाऊं शकतें. ज्याला डोकीसेंटर म्हणतात, तेथें मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक भरावयाचा असतो; ऊस संपला कीं तळ उठतो आणि दुसऱ्या गांवीं पडतो. मूल बरोबर न्यावयाचें असेल, तर या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. बेळगांवकडचें केंद्र असेल, तर जवळची शाळा कानडी निघण्याचा संभव धरावा. हें सारें आषाढांत विचारतां येतें. गाडींत बसल्यावर विचारून उपयोग नाहीं.

मूल मागें ठेवावें कीं बरोबर न्यावें, यावर आमचें मत मागें ठेवावें असें आहे. पण तें आम्ही सहज बोलून जात नाहीं. मुलगी वयांत आलेली असली म्हणजे आईचा जीव तिला मागें ठेवावयास धजत नाहीं, आणि कोपींत तरी ती सुरक्षित राहील कीं नाहीं याचीही तिला खात्री नसते. या भीतीपोटींच पुष्कळ मुलींचीं लग्नें शाळेच्या वयांत उरकलीं जातात. जे लोक याला अडाणीपणा म्हणून मोकळे होतात, त्यांनीं सहा महिने आपली मुलगी कोणाच्या भरंवशावर ठेवाल, असा प्रश्न स्वतःस विचारावा. मूल परगृहीं ठेवणें आपल्या मुलखाला नवें नाहीं. आपल्या गंगाखेडची जनी लहानपणींच पंढरपुरास दामाशेटींच्या घरीं राहावयास गेली, असें परंपरा सांगते. परंतु तेथें तिच्या वांट्याला दळणकांडणच आलें. तिच्या अभंगांचें श्रेय त्या व्यवस्थेस देतां यावयाचें नाहीं. मामाकडे किंवा आत्याकडे ठेविलेल्या मुलीचें तसें होऊं नये, एवढी चौकशी आईबापांनीं केलीच पाहिजे.

यासाठीं सरकारनें हंगामी वसतिगृहांची योजना केलेली आहे. गांवच्या शाळेच्या आधारानें तीं सुमारें सहा महिने चालावींत, मुलांस जेवण व देखरेख मिळावी, हा हेतु. अनेक ठिकाणीं मूल तेथें जेवतें व अभ्यास करितें आणि रात्रीं आजीकडे किंवा नातलगांकडे निजावयास जातें. म्हणून ज्या घरीं आजी नाहीं त्या घराची अडचण राहतेच. तिच्यावर उपाय म्हणून २०२१ सालीं संत भगवानबाबा यांच्या नांवानें शासकीय वसतिगृहें काढण्याचें ठरलें: ४१ तालुक्यांत मुलांचें एक व मुलींचें एक, अशीं ८२. पहिल्या टप्प्यांत बीड, तेव्हांचा अहमदनगर आणि जालना हे जिल्हे घेण्यांत आले. परभणीचा पालक सोनपेठहून परळीकडे पाहतो, तेव्हां त्याला हें अंतर फार दिसत नाहीं. पण योजनांच्या कागदावर जिल्ह्याची सीमा नदीपेक्षां रुंद असते.

या सर्व व्यवस्थांना एकच कसोटी लावावी असें आम्हांस वाटतें. वसतिगृह गाडी निघण्यापूर्वीं उघडतें कीं नंतर? गाळपाचा दिवस दरसाल बदलतो. २०२३ सालीं तो १ नोव्हेंबर ठरला, आणि दिवाळी १२ तारखेची होती. म्हणजे सुटीपूर्वींच निघावें लागलें. २०२४ सालीं तो १५ नोव्हेंबर झाला, आणि दिवाळी त्या महिन्याच्या पहिल्या दिवसांत होऊन गेली. आईबाप निघून गेल्यावर आठ दिवसांनीं वसतिगृह उघडणार असेल, तर त्या आठ दिवसांसाठीं मूल कोणाच्या चुलीवर सोडावयाचें? तें गाडींत बसतें, आणि एकदां बसलेलें मूल मध्येंच उतरत नाहीं. मुकादम आषाढांत हिशेब करितो, कचेरी कार्तिकांत करिते. शर्यत कोण जिंकणार हें सांगावयास ज्योतिषी नको. वसतिगृहाची मुलांची यादी उचलीच्याच महिन्यांत झाली पाहिजे. आपल्या मुलाला जागा आहे हें उचल घेण्यापूर्वीं बापाला ठाऊक असेल, तरच तो मुकादमाला दोनच माणसांचा आंकडा सांगेल.

तरीही मूल बरोबर गेलेंच, तर पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १ एप्रिल २०१० पासून अमलांत असलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास एका शाळेंतून दुसऱ्या शाळेंत जाण्याचा हक्क दिला आहे. पहिल्या शाळेनें दाखला तत्काळ द्यावयाचा आहे. आणि दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेस प्रवेश नाकारतां किंवा लांबवितां येत नाहीं. हंगामासाठीं जाणाऱ्या मुलांकरितां शिक्षण हमी पत्रक देण्याचीही सोय आहे; तें मागून घ्यावें. शिधापत्रिकेवरील धान्य आतां दुसऱ्या गांवच्या दुकानांतही घेतां येतें, म्हणून ती कुलुपांत ठेवूं नये. २०२१ पासून ग्रामसेवकानें ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यावयाचें आहे, तेंही पेटींत असावें. आणि मुलाचीं पुस्तकें. तीं बहुधा शेवटच्या क्षणीं राहून जातात. वाकळांच्या घडींत चार पुस्तकें बसतात. जागा नाहीं ही सबब चालणार नाहीं.

दहावीच्या विद्यार्थ्यांविषयीं स्वतंत्र लिहिणें जरूर आहे. परीक्षेचें आवेदनपत्र भरण्याचे दिवस आणि गाड्या भरण्याचे दिवस साधारणपणें एकच. घाईंत दुसरें भरणें होतें आणि पहिलें राहतें. आवेदनपत्र भरलें गेलें तरी फेब्रुवारी-मार्चमध्यें फडांतून उठून परीक्षेस येणाऱ्याची तयारी काय असणार? त्या एका वर्षापुरतें तरी मूल घरीं ठेवा, अशी आमची पालकांस आग्रहाची विनंति आहे. मग त्यासाठीं अर्धा कोयता कमी जावा लागला तरी चालेल.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडूनही एका कामाची अपेक्षा आहे, आणि तें तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणास तितकें चांगलें साधणार नाहीं. उचलीचा व्यवहार बहुधा तोंडीं असतो. ज्या घरीं आठवी-नववींत शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरीं हिशेबाची वही असलीच पाहिजे. उचल किती, कोणत्या तारखेस, कोणासमक्ष. किती टनांची पावती मिळाली. किती खाडे धरले आणि ते खरे कीं खोटे. मध्यें खर्चास किती घेतले. बाबा सांगतील आणि आई आठवण देईल, तुम्ही लिहावयाचें. मुलगा मागें राहिला तर हीच वही फोनवरून दर रविवारीं भरतां येईल. अक्षरविद्येचा असा उपयोग एकदां घरांत दिसला, म्हणजे शाळेनें काय मिळतें हा प्रश्न त्या घरांत फारसा विचारला जात नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

ज्यांच्या घरचें कोणी तोडणीस जात नाहीं, अशांनीं परत आलेल्या सोबत्यास आपल्या वह्या द्याव्या, आणि तो कोठें गेला होता हें चारचौघांत विचारूं नये. त्याला सांगावेंसें वाटलें तर तो आपण होऊन सांगेल, आणि पंचगंगेच्या कांठची थंडी कशी असते हें भूगोलाच्या पुस्तकापेक्षां चांगलें सांगेल.

राहतां राहिला शाळेचा वांटा. शाळा जूनच्या मध्यास उघडते, आणि उचलीचे व्यवहारही साधारण त्याच सुमारास जोरांत सुरू होतात. पालकसभा आजवर बहुतेक ठिकाणीं सहामाही परीक्षेनंतर, म्हणजे गाड्या निघण्याच्या तोंडावर भरविण्याची वहिवाट आहे. ती सभा जूनच्या शेवटच्या आठवड्यांत, बाजारचा दिवस टाळून, संध्याकाळीं भरवावी. तिला आयांना आवर्जून बोलवावें. आणि यंदा कोणाचें बिऱ्हाड हलण्याचा संभव आहे, कोणाच्या मुलास वसतिगृह हवें, कोणास हमी पत्रक, याची यादी त्याच सभेंत वर्गशिक्षकांनीं करावी, अशी आमची सूचना आहे.